एकट्याने बिग वॉल चढताना सामान कसं सांभाळायचं, कसं ओढायचं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर वर्षी पाऊस ओसरला, गवत पिवळं पडायला लागलं की हे प्रश्न सुरू होतात. दोर किती मिलिमीटरचा, कॅम कुठल्या कंपनीचे, हे सगळेच विचारतात. वीस लिटर पाणी वर कोण नेणार, हे फार थोडे विचारतात. एकट्याने भिंत चढणं हे अर्ध्याहून जास्त हमालीचं काम आहे, आणि खालची बहुतेक उत्तरं हमालीबद्दलच आहेत.

बिग वॉल म्हणजे नक्की केवढी? आपल्याकडे आहे का?

एका दिवसात उरकत नाही, रात्र भिंतीवरच काढावी लागते, ती बिग वॉल. सगळ्यांच्या डोळ्यासमोर येते ती अमेरिकेत योसेमिटीतली एल कॅपिटन, साधारण ९०० मीटर, ग्रॅनाइटची. आपल्याकडे हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा आहे, माळशेज बाजूला मोरोशीचा भैरवगड आहे, खंडाळ्याची नागफणी तर एक्स्प्रेसवेवरून दिसते. पण नागफणी चांगली टीम दिवसात करून संध्याकाळी घरी येते. बॅग ओढायची वेळ खरी कोकणकड्यासारख्या ठिकाणी येते.

आपला कातळ बेसॉल्टचा, लाव्हाच्या थरांवर थर. म्हणून कड्याला पायऱ्या पडलेल्या असतात. त्या पायऱ्यांवर गवत, माती, सुटे धोंडे. परदेशी व्हिडिओत बॅग गुळगुळीत ग्रॅनाइटवरून सरसर वर येताना दिसते. इथे ती प्रत्येक पायरीला थांबते आणि थांबताना दोन दगड खाली पाठवते. पुढची सगळी उत्तरं वाचताना हा फरक डोक्यात ठेवा.

एड क्लाइंबिंग म्हणजे दोराला लटकून फसवणूक करणंच ना?

फ्री क्लाइंबिंगमध्ये हातापायांनी कातळ धरून चढायचं, दोर फक्त पडलो तर. एडमध्ये कपारीत नट, कॅम किंवा पिटॉन (तिन्ही कपारीत अडकणारी धातूची अवजारं) बसवायचा, त्याला शिडी लावायची, शिडीत उभं राहून पुढचा बसवायचा. फसवणूक म्हणा हवं तर. तासाला दहा-बारा मीटर या वेगाने एकदा फसवून बघा.

बिले द्यायला, म्हणजे खालून दोर सांभाळायला, कोणी नसतं, मग पडलो तर?

दोराचं एक टोक खालच्या स्टेशनला, म्हणजे कातळात पक्क्या केलेल्या आधाराच्या जागेला, पक्कं बांधलेलं असतं. दोर तिथून वर, तुम्ही लावलेल्या प्रोटेक्शनमधून (म्हणजे त्या नट-कॅममधून), तुमच्या हार्नेसवरच्या (कमरेच्या पट्ट्यावरच्या) डिव्हाइसमध्ये येतो. चढताना तुम्हीच दोर सोडत जाता. कोणी ग्रीग्री वापरतं (झटका बसला की दोर पकडणारं डिव्हाइस; कंपनी या वापराची शिफारस करत नाही, हे माहीत असू द्या), कोणी नुसती क्लोव्ह हिचची गाठ सरकवतं. डिव्हाइस काहीही असो, त्याच्या मागच्या ढिल्या दोरात ठरावीक अंतरावर गाठ मारून ती हार्नेसला अडकवलेली हवी. डिव्हाइसने दगा दिला तर त्या गाठीवर थांबायचं.

दोन गोष्टी हमखास चुकतात. पहिली, खालचं स्टेशन. तुम्ही पडलात की ते वरच्या दिशेला ओढलं जातं. फक्त खाली ओढ घेईल असं बांधलेलं स्टेशन तिथे कामाचं नाही. दुसरी, दोराचं स्वतःचं वजन. तीस-चाळीस मीटर वर गेलात की खाली लटकणारा दोर डिव्हाइसमधून आपोआप मागे सरकायला लागतो आणि तुमच्या नकळत ढील वाढते. उपाय स्वस्त आहे. मधल्या दोन-तीन प्रोटेक्शनवर दोर रबर बँडने अडकवायचा. सायकलच्या ट्यूबची पट्टीही चालते. दोराचं वजन ती पेलते, पडलात तर तुटते.

एकट्याने एक पिच, म्हणजे दोन स्टेशनमधला टप्पा, करायचा तर कामं कुठल्या क्रमाने?

या प्रश्नाला सगळ्यात जास्त वेळ देतो, कारण इथला क्रम चुकला की दिवस जातो.

आधी पिच लीड करायचा, म्हणजे प्रोटेक्शन लावत पुढे चढायचं. हॉल लाइन, म्हणजे बॅग ओढायचा दोर, मागे शेपटासारखा हार्नेसला लावलेला असतो. वर पोचलात की स्टेशन बांधा. लीडचा दोर तिथे फिक्स करा. हॉल लाइन कप्पीतून घ्या आणि कप्पीच्या खाली गाठ मारून तीही फिक्स करा. दात असलेल्या कप्पीवर, तिचं नाव प्रो ट्रॅक्शन असो की मायक्रो, एकट्या तिच्या भरवशावर माणूस कधी लटकवू नका.

मग हॉल लाइनवरून रॅपल करून, म्हणजे दोरावरून उतरून, परत खाली. इथे नवख्याचा चेहरा पडतो. आत्ताच तर चार तास घासून वर आलो! हो. पण खाली बॅग स्टेशनला बांधलेली आहे आणि ती सोडायला दुसरं कोणी नाही. खाली या, बॅगेचं वजन हळूहळू हॉल लाइनवर घ्या, तिला स्टेशनपासून मोकळी करा, स्टेशन आवरा. आता लीडच्या दोरावर जुमारिंग करत (दोराला पकडणारे दोन जुमार आळीपाळीने वर सरकवत) वर जा आणि जाता जाता सगळं प्रोटेक्शन काढत चला. दर आठ-दहा मीटरला दोरात गाठ मारून हार्नेसला लावायची. दोन्ही जुमार दोरावर असतानासुद्धा. वर पोचल्यावर बॅग ओढायची. मग चहा. म्हणजे दोन घोट पाणी.

हिशोब करा. दहा पिच, पन्नास मीटरचा एक. वर ५००, खाली ५००, परत वर ५००. दीड किलोमीटर तुम्ही, अर्धा किलोमीटर बॅग. जोडीने चढताना एक जण लीड करतो, दुसरा क्लीन करतो (प्रोटेक्शन काढत येतो), पहिला तोवर बॅग ओढतो. इथे तिन्ही कामं तुमचीच.

जुमार करायच्या आधीच बॅग ओढून घेतली तर?

ती खाली बांधलेली आहे. कोण सोडणार?

एकूण वजन किती होतं?

पाच दिवसांचा माझा हिशोब असा. पाणी दिवसाला चार लिटर. चार लिटर जास्त वाटतात त्यांनी नोव्हेंबरच्या उन्हात तापलेल्या काळ्या कातळाला दुपारी दोन वाजता हात लावून बघावा. पाच दिवसांचं वीस लिटर, म्हणजे ऑफिसात उलटा ठेवलेला असतो तो अख्खा जार. वीस किलो नुसतं पाणी. एकट्याचं पोर्टालेज, म्हणजे भिंतीला लटकवायची घडीची खाट, पावसाळी आवरणासकट सात-आठ किलो. खाणं साडेतीन-चार. स्लीपिंग बॅग आणि कपडे चार. रिकामी हॉल बॅगच तीन. टॉर्च, औषधं, जास्तीचे स्लिंग (पट्ट्याचे फास), शौचाची नळी धरून आणखी तीन-चार. चाळीस ते पंचेचाळीस किलोला जाऊन थांबतं. दोर आणि अंगावरचं लोखंड वेगळं.

त्यातली गंमत अशी की पहिला दिवस सगळ्यात जड. दिवसाला चार किलो पाणी पोटात जातं आणि बॅग हलकी होत जाते. म्हणून पहिल्या दिवशी दोनच पिच झाले तर खचू नका, नेहमीच तसं होतं.

वजन कमी करायला लोक पहिली कात्री पाण्याला लावतात. पाण्याला हात लावू नका. त्याऐवजी दुसरं जॅकेट, पुस्तक, स्टोव्ह आणि कॅमेऱ्याची दुसरी लेन्स घरी ठेवा.

बॅग भरायची कशी?

शेवटी लागणारं तळाला. आधी जमिनीवर सगळं पसरा आणि स्वतःला विचारा, भिंतीवर लटकत, डोक्यावर टॉर्च, हात थकलेले, अशा वेळी यातलं पहिलं काय हवं? ते सगळ्यात वर.

झोपायची फोमची मॅट बॅगेच्या आत गोल गुंडाळून उभी ठेवा. अस्तरासारखी बसते आणि बाटल्या, भांडी कातळावर आपटून बॅगेला भोक पाडत नाहीत. पाणी मधोमध. बाटल्या कोल्ड्रिंकच्या दोन लिटरच्या घ्या. गॅसच्या दाबासाठी बनवलेल्या असल्याने त्या चांगला मार खातात. नुसत्या पाण्याच्या पातळ बाटल्या पहिल्याच पिचला चिरतात. प्रत्येक बाटलीच्या गळ्याला कॉर्डचा फास आणि त्याला चिकटपट्टीचे चार वेढे. फास नसलेली कुठलीही वस्तू बॅगेत जात नाही. हा नियम मी टूथब्रशलाही लावतो. हसतात लोक.

आतल्या पिशव्या रंगांच्या. लाल खाण्याची, निळी झोपायची, पिवळी औषधं आणि टॉर्चची. आई भाजीसाठी जपून ठेवते त्या नायलॉनच्या पिशव्या यासाठी उत्तम. फक्त बंदाची शिवण तपासा.

ओढायची कशी? माझं वजन ६० किलो, बॅग ४५ किलोची.

गॅलरीतून दोरी सोडून खालच्या भाजीवाल्याकडून पिशवी वर घेतली असेल, तर मूळ कल्पना माहीतच आहे. फरक एवढाच की इथे हातांनी ओढायचं नाही. हातांनी ओढलंत तर तिसऱ्या पिचला दंड जातील आणि उद्या लीड करायचंय. ओढायचं अंगाच्या वजनाने.

साधी पद्धत एकास एक. वर स्टेशनला दात असलेली कप्पी. हॉल लाइन त्यातून येऊन खाली तुमच्या बाजूला उतरते. त्या बाजूला जुमार उलटा लावून तो हार्नेसला जोडायचा. आता कातळावर पाय टेकवून मागे झुका आणि खाली बसा. तुम्ही मीटरभर खाली, बॅग मीटरभर वर. उठायचं, जुमार वर सरकवायचा, परत बसायचं. व्यायामशाळेतल्या बैठकाच, पन्नास मीटरच्या. कप्पीचे दात बॅगेला मागे जाऊ देत नाहीत.

पस्तीस-चाळीस किलोपर्यंत हे जमतं. कातळाचं घर्षण धरलं तर ४५ किलोच्या बॅगेपुढे तुमचे ६० किलो तोकडे पडतील. तेव्हा दोनास एक. शाळेतल्या विज्ञानाच्या पुस्तकातली स्थिर कप्पी आणि चल कप्पी आठवा. पाच-सहा मीटर बारीक कॉर्ड घ्या. तिचं एक टोक अँकरला, म्हणजे स्टेशनच्या पक्क्या आधाराला. तिथून ती खाली, बॅगेच्या बाजूला हॉल लाइनवर लावलेल्या जुमारच्या कप्पीत. परत वर, अँकरच्या दुसऱ्या कप्पीतून, आणि मग तुमच्या हार्नेसला. आता तुम्ही दोन फूट खाली बसलात की बॅग एक फूट वर येते, पण लागणारं बळ जवळजवळ निम्मं. ‘जवळजवळ’ म्हणतोय, कारण प्रत्येक कप्पी आपला वाटा खाते. बेअरिंगची चांगली कप्पी थोडा खाते. कप्पीऐवजी कॅरॅबिनर (उघडझाप होणारी कडी) लावलात तर तो इतकं खातो की दोनास एकचा फायदा हातात उरतच नाही.

हॉल लाइन स्टॅटिक, म्हणजे फारशी न ताणणारी हवी, नऊ-दहा मिलिमीटरची. ताणणाऱ्या डायनॅमिक दोराने ओढायला बसलात तर पहिल्या काही बैठका दोराचा ताण काढण्यातच जातात, बॅग जागची हलत नाही.

बॅग मध्येच अडकली तर?

अडकेल. भाजीची पिशवीसुद्धा दुसऱ्या मजल्याच्या कपडे वाळत घालायच्या दांडीत अडकतेच.

जोडीला कोणी असता तर जुमार करता करता लाथ मारून सोडवली असती. एकट्याला परत रॅपल करून खाली जावं लागतं. म्हणून आधी काळजी घ्या. दोन लिटरच्या बाटलीचा वरचा नरसाळ्यासारखा भाग कापा. हॉल लाइन बॅगेला बांधण्याआधी ती बाटलीच्या तोंडातून ओवून घ्या, मग गाठ मारा आणि नरसाळं गाठीवर सरकवा. गाठ आणि बॅगेचे बंद टोपीखाली जातात आणि कड्याच्या ओठाखाली अडकण्याऐवजी घसरून पुढे सरकतात. दहा रुपयांची युक्ती आहे आणि एल कॅपवरही हीच चालते.

अडकलीच, तर आणखी जोर लावू नका. दोनास एक लावून जोर लावणं तर मुळीच नाही, कारण आपल्या थरांच्या कातळात बॅग सुटायच्या आधी ज्यात अडकली तो धोंडा सुटतो. बॅग मीटरभर खाली सोडा, दोर बाजूला ओढून झोका द्या, परत ओढा. तीन वेळा असं करूनही नाही आली तर मुकाट खाली जा. मुंब्र्याच्या टेकडीवर सराव करताना मी हट्टाने चौथ्यांदा, पाचव्यांदा ओढत बसलो होतो. शेवटी बॅग आली. सोबत हॉल लाइनचं बाहेरचं वेष्टण बोटभर सोललेलं आलं, आतला पांढरा गाभा दिसत होता.

बॅग वर आली. आता स्टेशनला थेट कॅरॅबिनरने अडकवू?

नको. ४५ किलो लटकलेली बॅग उद्या सकाळी सोडवायची कशी? कॅरॅबिनरमधून काढायला ती आधी उचलावी लागेल, आणि उचलायला कोणी नाही.

त्यासाठी डॉकिंग कॉर्ड. सात-आठ मिलिमीटरची, पाच-सहा मीटर लांब, कायमची बॅगेला बांधलेली. स्टेशनच्या कॅरॅबिनरवर तिची मुंटर हिच (भार असतानाही सरकणारी गाठ) टाकायची, म्युलने (तिला अडवणाऱ्या, ओढून सुटणाऱ्या गाठीने) बंद करायची, शिल्लक टोकाला आणखी एक गाठ. सकाळी गाठ सोडली की मुंटरमधून बॅग हवी तितकी सावकाश खाली सोडता येते, भार असतानाही. शिवाय हॉल लाइनचा एक ढिला बॅकअप. बॅगेला नेहमी दोन आधार. एका आधारावर असलेली बॅग म्हणजे खाली गावात कोणाच्या तरी डोक्यावर आलेली बॅग.

हीच कॉर्ड आडव्या पिचलाही कामी येते. स्टेशन डाव्या हाताला आणि पुढचं उजवीकडे पंधरा मीटरवर, अशा वेळी बॅग नुसती सोडून दिलीत तर ती लंबकासारखी जाऊन आपटते. डॉकिंग कॉर्ड लांबवून किंवा वेगळा बारीक दोर लावून मुंटरमधून सोडत सोडत तिला हॉल लाइनच्या सरळ खाली न्यायची, मग निरोप द्यायचा. पोर्टालेज फुटलेलं मिळालं की हे शिकायला होतं.

स्टेशनवर दोरांचा गुंता होतो. काही उपाय?

(इथे स्टेशन म्हणजे बोल्ट किंवा प्रोटेक्शनचं. दादरच्या गुंत्यावर माझ्याकडे उपाय नाही.)

प्रत्येक दोराला स्वतःची पिशवी. दोर वेटाळून स्लिंगवर टांगायचा नाही, टोकापासून सुरुवात करून पिशवीत कोंबायचा. कोंबलेला दोर सुटा येतो, नीट वेटाळलेला गुंततो. हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मलाही पटलं नव्हतं. आपल्याकडे पिशवीचं दुसरंही कारण आहे. दुपारनंतर कोकणातून कड्यावर वारा चढतो. कोकणकड्याचा वारा तर खाली टाकलेली हलकी वस्तू परत वर आणून देतो, हे तिथे गेलेल्या प्रत्येकाने करून बघितलंय. मोकळा सोडलेला दोर त्या वाऱ्यात बाजूच्या निवडुंगात जाऊन बसतो.

स्टेशनवर जागा ठरवून ठेवा. माझं असं: डावीकडे बॅग, मधे मी, उजवीकडे लीडचा दोर. प्रत्येक स्टेशनला तेच, अंधारातही तेच. भांड्यांचा मांडणीवरचा क्रम बदलला की स्वयंपाकघरात आईची जी चिडचिड होते, ती भिंतीवर महागात पडते.

हातातून काही पडलं तर?

गेलं. म्हणून पडू द्यायचं नाही. देताना-घेताना, म्हणजे इथे स्वतःच्या एका हातातून दुसऱ्या हातात, वस्तू आधी नव्या जागी अडकवायची, मगच जुन्या जागेवरून सोडायची. दोन जुमार नेतातच, पण एक पडला तर प्रुसिकने (दोराभोवती गुंडाळलेल्या कॉर्डच्या फासाने) चढता आलं पाहिजे. पाचेक मिलिमीटरचे दोन प्रुसिक हार्नेसला कायम. डोक्याची टॉर्च मात्र दोन. एक गेली तर तिला पर्याय दुसरी टॉर्चच.

खायला काय न्यायचं?

स्टोव्ह नको, म्हणजे गॅसही नको आणि भांडीही नकोत. गुळपोळ्या चार-पाच दिवस आरामात टिकतात, दशम्या दोन दिवस. शेंगदाण्याचे लाडू, चिक्की, खजूर, खाकरे, लसणाची कोरडी चटणी. चिवडा नेऊ नका. वाऱ्यात मूठभर चिवडा तोंडात जाण्याऐवजी डोळ्यात जातो.

आणि... ते?

हा प्रश्न नेहमी शेवटी आणि हळू आवाजात येतो. प्लंबरच्या दुकानातून चार इंची पीव्हीसी पाइप, हातभर लांब. एका बाजूला कायमची चिकटवलेली टोपी, दुसऱ्या बाजूला फिरकीची. कागदी पिशवीत करायचं, ती झिपच्या पिशवीत, ती नळीत. थोडा चुना टाका. नळी हॉल बॅगेच्या खाली, बाहेर लटकते. बॅगेच्या आत कधीही नाही. फेकायचं नाही, कारण कड्याच्या पायथ्याला झरा असतो आणि त्या झऱ्यावर वाडी असते.

मधमाश्यांचं काय?

आपल्या कड्यांवरचा सगळ्यात मोठा धोका, आणि परदेशी पुस्तकांत याच्यावर ओळ सापडत नाही. आग्यामोहोळ कड्याच्या ओठाखाली, सावलीच्या बाजूला लटकलेलं असतं. लीड करणारा त्याला टाळून वळसा घालून जातो. बॅग वळसा घालत नाही, ती सरळ रेषेत येते आणि वाटेत दगड पाडते. म्हणून आदल्या दिवशी दुर्बिणीने अख्खी भिंत बघा, नुसती चढायची रेषा नाही, बॅगेची रेषासुद्धा. गावातल्या माणसाला विचारा, पोळी कुठे आहेत ते त्यांना पाठ असतं. पोळं बॅगेच्या रेषेत असेल तर बेत बदलायचा. यावर दुसरा तोडगा मी कोणाला सांगत नाही. जोडीदार असेल तर एक जण दुसऱ्याला खाली सोडू शकतो. एकट्याला जुमारवर लटकून पळता येत नाही. टोपीचं जाळीचं आवरण, पूर्ण बाह्यांचं जॅकेट बॅगेत नको, अंगावर हवं.

मुंबईत राहून सराव कुठे करायचा?

एड आणि जुमारिंगला मुंब्र्याचा कातळ, बेलापूर. पण ओढण्याचा सराव करायला कड्याची गरजच नाही. आमच्या चार मजली इमारतीच्या गच्चीवरून, सोसायटीची लेखी परवानगी घेऊन, रविवारी सकाळी मी वीस लिटरचे दोन जार हॉल बॅगेत घालून वर-खाली केलेत. पाण्याच्या टाकीच्या पाइपाला नाही, गच्चीच्या आरसीसी खांबाला अँकर. खाली दोर लावून जागा बंद केलेली, वॉचमन उभा. पहिल्या खेपेला पाऊण तास लागला, महिन्याभराने वीस मिनिटं. सेक्रेटरीने विचारलं, लिफ्ट बंद आहे का?

रात्रीही करा. फक्त टॉर्चच्या उजेडात, हातमोजे घालून मुंटर-म्युल बांधा आणि सोडा. पोर्टालेज पहिल्यांदा उघडायचं ते घराच्या ग्रिलला लटकवून, कड्यावर नाही.

एकट्याने करण्याआधी हे सगळं जोडीने दोन-तीन मोसम केलेलं हवं. मुंबईत गिरिविहारसारख्या जुन्या संस्था आहेत, तिथे जोडीदार भेटतात.

ताडपत्रीवाल्याकडून हॉल बॅग शिवून घेतली तर? बाहेरची फार महाग आहे.

कापड म्हणून ट्रकची जाड पीव्हीसी ताडपत्री चांगलीच आहे. प्रश्न शिवणीचा आणि बंदाचा. बंद बॅगेच्या वरच्या काठाला शिवू नका. तळाखालून फिरवून दोन्ही बाजूंनी वर आणा, म्हणजे भार शिवणीवर न येता पट्ट्यावर येतो. सराव जार घालून गच्चीवर, वर सांगितल्याप्रमाणे. नागदेवी स्ट्रीटवर कप्प्या आणि हूक ढिगाने मिळतात आणि दिसायलाही दणकट असतात. त्यातलं काहीही भिंतीवर नेऊ नका. ज्याच्यावर किलोन्यूटनचा, म्हणजे किती भार पेलेल त्याचा, आकडा कोरलेला नाही त्याच्यावर बॅगही लटकवायची नाही.

लोकलने बॅग नेता येते का?

मालडब्यातून. कसाऱ्याची पहिली गाडी धरायची, चाळीस किलोची बॅग दाराच्या बाजूला उभी करायची, पाठीचे पट्टे आत कोंबायचे, नाहीतर उतरणाऱ्याच्या पायात येतात. पाणी घरून भरून नेऊ नका, कसाऱ्यानंतर किंवा गावात भरा. मी पहिल्या वेळी वीस लिटर डोंबिवलीहून नेलं होतं. डब्यातल्या एका मावशींनी विचारलं, काय एवढं जड? पाणी, म्हटलं. त्यांनी शेजारणीकडे बघितलं आणि पुढे माझ्याशी बोलल्या नाहीत.

एकट्याने हे कोणी केलंय का?

एल कॅपिटन एकट्याने पहिल्यांदा चढला रॉयल रॉबिन्स, १९६८ साली, म्युअर वॉलवरून, दहा दिवसांत. बेव्हर्ली जॉन्सन १९७८ मध्ये डायहीड्रल वॉल एकटीने चढली आणि एल कॅप सोलो करणारी पहिली स्त्री ठरली. त्यांच्याकडे आजच्या कप्प्या नव्हत्या. हे वाचून पुढच्या शनिवारी निघू नका.

काही झालं तर मदत?

निघण्याआधी घरी आणि गावात, दोन्हीकडे लिहून द्या: कुठली रेषा, किती दिवस, कुठल्या दिवशी किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर काय करायचं. हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, वनखात्याची परवानगी घेतली की तुमची नोंदही तिथे होते. लोणावळा-खंडाळ्याकडे शिवदुर्ग मित्रसारखी पथकं शोध आणि बचावाला धावतात. पण सगळी घरदार-नोकरी सांभाळणारी माणसं आहेत, तुमच्यापर्यंत पोचायला काही तास लागणारच. बेशुद्ध होऊन हार्नेसमध्ये नुसतं लटकत राहणं तेवढ्या वेळात जिवावर बेतू शकतं. म्हणून बरं वाटेनासं झालं की पहिलं काम पोर्टालेज उघडणं, फोन त्यानंतर. फोन आणि पॉवर बँक अंगावरच्या खिशात, फासासकट.

घरी आल्यावर सामानाचं काय?

नळी सगळ्यात आधी. मग कॅरॅबिनर आणि कप्प्या गोड्या पाण्याने धुवा, पुसा, गेटला थोडं तेल, आणि गॅलरीत ठेवू नका. मुंबईच्या खाऱ्या हवेत दोन पावसाळ्यांत गेट कुरकुरायला लागतात. दोर बादलीत साध्या पाण्यात, डिटर्जंट नाही, आणि पंख्याखाली सावलीत वाळवा. ओला दोर गुंडाळून माळ्यावर टाकलात तर ऑगस्टमध्ये बुरशी धरलेला खाली येतो.

हॉल लाइन वाळताना ती पूर्ण ६० मीटर बोटांमधून एकदा फिरवा, डोळे मिटून. मऊ पडलेला, सपाट झालेला, फुगलेला भाग बोटांना लगेच कळतो. तिथे चिकटपट्टी लावून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी उजेडात बघा. गाभा दिसत असेल तर तिथून कापा. माझी मुंब्र्याची हॉल लाइन आता ४१ मीटरची आहे, आणि उरलेल्या तुकड्यावर गॅलरीत कपडे वाळतात.